काखेतली गाठ

"या घरात एक तर ती राहील, नाहीतर मी!" असं ठणकावून सासऱ्यांनी तीन महिन्यांपूर्वी सुनेची लाडकी मांजर हाकलून लावली होती. आता त्यांच्याच काखेत गाठ आली आणि नको त्या शंकेनं अख्ख्या घराच्या तोंडचं पाणी पळालं.

रिपोर्ट बघून डॉक्टर हसले. "कॅन्सर नाही हो! मांजराच्या नखांतून शिरणारा जिवाणू आहे. दोन-तीन आठवड्यांपूर्वी ओरखडलं असणार."

"पण मांजर आहेच कुठे? बाबांनीच तर घालवली!" सून म्हणाली.

डॉक्टरांनी बाबांची बाही वर सरकवली. कोपरापर्यंत ओरखडेच ओरखडे.



बाबा छताकडे बघत पुटपुटले, "गच्चीवर टाकीमागे तीन पिल्लं झालीत तिला. धाकटं जरा आगाऊच आहे."