भरून आलं

सोनोग्राफीच्या टेबलावर आधी कुसाबाई आडवी झाली. तीन महिन्यांपूर्वी तिच्या लिव्हरचा अर्ध्याहून मोठा तुकडा काढून थोरल्या भावाला, मल्हारीला बसवला होता. त्याच्या लिव्हरमध्ये कॅन्सरच्या गाठी होत्या. त्या बाहेर पसरलेल्या नव्हत्या, म्हणून तर डॉक्टरांनी हे काम अंगावर घेतलं. आज तपासणीला ती चांदवडहून आली होती, तो सातपूरहून. मास्क लावून तो कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला होता.

डॉक्टर तृप्तींनी तिच्या पोटावर गार जेल लावलं, यंत्राची मूठ फिरवली, पडद्यावर मापं घेतली.

"कुसाबाई, भरून आलं की हो. जवळजवळ पहिल्याएवढं झालंय लिव्हर. ऑपरेशनच्या आधी सांगितलं होतं ना, कापलं तरी वाढतं म्हणून?"

"सांगितलं व्हतं," कुसाबाई म्हणाली. "मला वाटलं, धीर द्यायला सांगताय."

ती उठून बसली. पोटावरच्या लांब व्रणावर तिने तळहात ठेवला. एवढे दिवस ती भाकरी खात होती, दुपारी पडत होती, सुनेला कांद्याच्या रोपांचं सांगत होती. आणि आत कुणी न सांगता हे काम चाललं होतं.

मग मल्हारी टेबलावर आडवा झाला. त्याला वेळ लागला. एकाच जागेवरून मूठ तीनदा फिरली. तीस वर्षं लेथवर काढलेल्या त्या माणसाने चादर घट्ट धरून ठेवली होती. कुसाबाई उठली आणि त्याच्या घोट्यावर हात ठेवून उभी राहिली.

"गाठ कुठंच नाही," डॉक्टर शेवटी म्हणाल्या. "रक्ताचा रिपोर्टही चांगला आहे. तपासत मात्र राहायचं."

मल्हारीने डोळे मिटून घेतले. त्याच्या कानशिलावरून पाणी ओघळलं, ते त्याने पुसलं नाही.

कुसाबाई पडद्याजवळ सरकली. काहीतरी करडं तिथे हलत होतं.

"हे माझ्यातलं का?"

"तेच. इकडेही वाढलंय."

"हालतंय."

"श्वास घेतला की खाली येतं, सोडला की वर जातं."

कुसाबाई बघत राहिली. शेहेचाळीस वर्षं ते तिच्या पोटात होतं. तिने त्याची कधी चौकशी केली नव्हती.

"दादा," ती हळू म्हणाली, "जरा मोठा श्वास घे."

मल्हारीने घेतला. ते सावकाश खाली आलं, थबकलं, वर गेलं.

"अजून एकदा," ती म्हणाली.