दुपारचा पहारा

बन्सीधर आबांचे पाय लटपटायला लागले, तेव्हा देवळात पुरुष असे ते एकटेच होते. गळ्यात वीणा, बोट तारेवर, तोंडाने रामकृष्णहरी. टाळांच्या जोड्या समोर नुसत्या पडून होत्या. भजनी मंडळातले निम्मे टाळकरी दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेले होते, उरलेले कापूस वेचायला. दुपारच्या पहाऱ्याला विणेकऱ्याशिवाय कोणी थांबत नसे.

पुढचा पहारा माणिकरावांचा. सप्ताह त्यांच्याच पुढाकाराने बसलेला. ते कीर्तनकार महाराजांना आणायला सकाळीच देवगाव फाट्यावर गेले होते. तिथे विद्यापीठाच्या नामांतराचा रस्ता रोको चालू आहे, गाड्या जिथल्या तिथे उभ्या आहेत, असे कोणीतरी सांगून गेले होते.

खांबांपलीकडे बायका बसल्या होत्या. बायकांनी मनातल्या मनात म्हणायचे, आवाज काढायचा नाही, असे माणिकरावांनी पहिल्याच दिवशी बजावले होते. त्यांची बायको पार्वतीबाई शेवटच्या खांबाशी बसून ओठ हलवीत होती.

"आबा, बसा की जरा," धुरपताबाई म्हणाली. ती माणिकरावांची चुलती.

आबांनी नाम घेता घेताच मान हलवली. वीणा गळ्यात असताना बसायचे नाही, हा इथला नेम. सप्ताह उठेपर्यंत ती जमिनीला टेकवायची नाही आणि नाम थांबू द्यायचे नाही. टेकली, की सप्ताह मोडला.

थोड्या वेळाने आबांनी भिंतीला पाठ लावली. आता त्यांचे 'हरी' ऐकू येईनासे झाले होते.

"धरा कुणीतरी," ते म्हणाले. "मला उभं राहवंना."

"अगं बाई! बाईमाणसानं वीणा घ्यायची?" कुसुमबाईने विचारले.

"मग टेकवू का खाली?"

पार्वतीबाई उठली आणि पदर खोचून आबांसमोर उभी राहिली.

रिवाज असा, की आधी देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने एकमेकांच्या पाया पडायचे, मग वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जायची. त्यात लहानथोर पाहायचे नाही. आबा एका हाताने खांब धरून वाकले. पार्वतीबाई झटकन मागे सरली.

"आबा, माझ्या कशाला?"

"तुझ्या न्हाई, नामाच्या पडायलोय. पड तू बी लवकर. नाम थांबायलंय."

तिने पाया पडून वीणा गळ्यात घेतली. सुरुवातीला तिचा आवाज खांबापर्यंतही पोचला नाही. मग तिने मंडळाची वरच्या पट्टीतली चाल धरली. मंडळ शिकायला तिच्याच ओसरीवर बसे. दाराआड चहा करता करता तिने ती ऐकलेली होती. टाळकरी गेल्यापासून ती चाल कोणी उचलली नव्हती. दुसऱ्याच आवर्तनाला धुरपताबाईने पुढे होऊन एक टाळजोडी घेतली. मग कुसुमबाईने घेतली. बायकांचे टाळ पुरुषांपेक्षा हळू वाजत होते, पण एकसाथ पडत होते. खांबांपलीकडे बसलेल्या साऱ्याजणी खांबांच्या अलीकडे आल्या.

आवाज शिवारात गेला असावा. मंडळातला किशनराव आणि आणखी दोघे-तिघे कापसाची वेचणी सोडून दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या पाठोपाठ महाराजांना घेऊन माणिकराव आले. धुळीने त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

"काय चालायलंय हे?"

आबा कोपऱ्यात बसून पाणी पीत होते. "सप्ता चालायलाय," ते म्हणाले.

"ए, ठिव ती खाली!" माणिकराव बायकोवर ओरडले.

टाळ चुकले नाहीत. पण दारातली माणसे एकमेकांकडे पाहू लागली.

"खाली?" महाराजांनी विचारले.

माणिकरावांनी जीभ चावली. "तसं न्हाई, महाराज. आबा, तुमी घ्या परत."

"माझा पहारा सरला. आता तुमचा हाय."

"किशनराव, तू घे बरं."

"माझी अजून आंघोळ न्हाई, मालक." किशनराव एक पायरी खाली उतरला. "कापसात व्हतो."

माणिकरावांनी महाराजांकडे पाहिले. महाराज वयाने लहान होते. ते हलक्या आवाजात म्हणाले, "पहारा ज्याचा, त्यानंच घ्यावी. नेम मोडू नये."

माणिकराव रांजणाशी गेले. त्यांनी पाय धुतले, तोंड धुतले, पुन्हा पाय धुतले. नंतर ते आत येऊन पार्वतीबाईसमोर उभे राहिले. ती त्यांच्याकडे पाहत नव्हती आणि दुसरीकडेही पाहत नव्हती. तिचे नाम चालू होते.

माणिकराव तसेच उभे राहिले. दारातली माणसेही.

"माणिका," धुरपताबाई टाळ न थांबवता म्हणाली, "टोपी दे माझ्याजवळ. वाकताना पडंल."

मागे कोणीतरी हसले आणि खोकले. माणिकरावांनी टोपी काढली. ती कोणाकडे न देता खिशात कोंबली.

पार्वतीबाईने सवयीने पाय लुगड्याच्या काठाखाली ओढून घेतले होते. माणिकराव कमरेत वाकायला लागले, तेव्हा नाम न थांबवता तिने ते पुन्हा होते तिथे आणून ठेवले.