पलीकडची हाक

आमच्या गावाचा इतिहास एवढाच: एका पुरात नदीने पात्र बदललं, सरहद्दही तिच्याबरोबर सरकली आणि थोरल्या दादाचं घर परदेशात गेलं. त्याच्याशी ठरलेली मुलगी मग मला दिली.

"नदीने दादा नेला, वहिनी तुला ठेवली," नावाडी अजून चिडवतो.

गेल्या वर्षी दादा तिकडेच वारला. तेव्हापासून दुपारी पलीकडून कोणीतरी माझ्या बायकोला नावाने हाक मारतं. मेलेल्या भावावर जळतोय, हे कोणाला सांगू?

"अगं, ऐकलंस?"

"अहो, तुम्हीच तर हाक मारता," ती हसते.

आज मी तिच्यासमोर तोंड मिटून बसलो. हाक आली. आवाज माझाच, पण अशी माया मला कधी जमली नव्हती.

"आले हं!" ती केस सारखे करत उठली आणि मला वळसा घालून पाण्याकडे निघाली.