घरच्यांची बाही

"मुंग्या कुणाच्या हाताला येत नाहीत गं? त्यासाठी अख्खा दिवस मोडायचा?" दवाखान्यात सासूबाई कालिंदीच्या कानाशी पुटपुटल्या.

मनगटात नस दबली असेल, तर ऑपरेशनआधी घरच्या एकाने मशीनची बाही चढवायची, रोग्याचं दुखणं मिनिटभर आपल्या हातात घ्यायचं आणि काय जाणवलं ते सांगायचं, असा आता नियमच झाला होता. कालिंदीच्या अंगठ्याखालचा उंचवटा बसत चालला होता. आणखी उशीर झाला, तर पकड कायमची जाणार होती.

तिचा नवरा विश्राम ऐटीत पुढे झाला. होळीला पाहुण्यांपुढे तिच्या पुरणपोळ्या मिरवणारा हाच. बाही चढताच तो किंचाळला आणि ती ओरबाडून काढली.

"काय जाणवलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"विशेष काही नाही. जरासं बधिर."

कालिंदीला हसूच आलं. असल्या भित्र्याच्या ताटात ती इतकी वर्षं तव्यावरची पहिली पोळी वाढत आली होती!

"मग आजी, तुम्ही घालता?"

नासलेल्या दुधाकडे पाहावं तसं सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं.

"मला नको ती बाही. रात्री ही हात झटकत उठते, ते दिसायचं आम्हाला. दुखतंय हे ठाऊक होतं, डॉक्टर. पण पोळ्या हव्या होत्या."