भोकं नसलेलं बटण

एका बटणाला भोकंच नव्हती.

उशीच्या अभ्र्याला लावायला बटण हवं म्हणून तिनं नवऱ्याचा बटणांचा डबा उघडला होता. हातातली वस्तू तिनं खिडकीपाशी नेली. पिवळट तपकिरी, गोल, मधोमध रेघ. बटण कसलं, गोळी होती ती. नवऱ्याच्या रक्ताच्या दुर्मिळ, संथ कॅन्सरवरची. नऊ वर्षं रोज सकाळी ती स्वतः त्याच्या तळहातावर ठेवत आली होती. जन्मभराचं औषध, एक दिवसही चुकायला नको, असं डॉक्टर म्हणाले होते.

तिनं डबा पालथा केला. आणखी दहा निघाल्या. रंग विटलेला, तोंडात धरून पुन्हा पुसल्यासारखा.

नवरा शिंपी. ओठांत टाचण्या धरून गिऱ्हाइकाशी तासभर गप्पा मारणारा. गालात गोळी दडवणं त्याच्या डाव्या हातचा मळ. शिवाय दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्याच्या कोपराच्या आत चिकटपट्टी असायची. विचारलं की म्हणे, कात्री लागली. तिथं कात्री लागते कशी? कुण्या भोंदूच्या नादी लागला, की जगण्यालाच कंटाळला?

तिनं गोळ्या मशीनवर, त्याच्या पुढ्यात ठेवल्या. त्याचा पाय थांबला.

"या काय आहेत?"

त्यानं ओठांतल्या टाचण्या एकेक काढून गादीत खोचल्या. "त्याच तीस फिरवतोय, या त्यातल्या अकरा. महिना भरला की पुसून परत बाटलीत भरतो."

"मरायचंय का तुम्हाला?"

त्यानं खणातून कागद काढले. "औषध डॉक्टरांनीच थांबवलंय. काही वर्षं रक्तात काही सापडलं नाही म्हणून. आता दर महिन्याला तपासतात. कॅन्सर परत आलाच, तर गोळी परत सुरू."

तिनं आठ महिन्यांचे आठही अहवाल वाचले. तारखा ताडून पाहिल्या. सगळे पहिल्या सोमवारचे, सगळे स्वच्छ. तरी तिचा संशय फिटेना.

"मग ही चोरी कशाला? चांगली बातमी बायकोपासून लपवतं का कुणी?"

तो मापाची फीत बोटाभोवती गुंडाळत राहिला. मग खाली बघूनच म्हणाला,

"नऊ वर्षांपूर्वी कॅन्सरचा पहिला रिपोर्ट आला त्या दिवशी तू बॅग भरून दारात उभी होतीस. औषध चालू आहे तोवर थांबते, म्हणाली होतीस."