शुद्ध केलेलं नाव

जुन्या विद्यार्थ्याच्या पत्राला निवृत्त गुरुजींनी दोन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. त्याला क्रेन चालवायची होती; त्यासाठी आधी हलक्या, वर्षानंतर जड वाहनाचं लायसन्स लागतं. त्याचा पहिलाच अर्ज परत आला होता. आधारवर प्रसेनजित, शाळेच्या दाखल्यावर प्रसन्नजित. बापाने सांगितलेलं नाव गुरुजींनीच ‘शुद्ध’ करून लिहिलं होतं. दुरुस्तीसाठी त्याने पत्रातून त्यांची लेखी कबुली मागितली होती, पण स्वतःची चूक लिहून द्यायला गुरुजींचं मन धजत नव्हतं. परवा रिसोडजवळ त्यांची जीप बंद पडली, ती ओढायला क्रेन आली. हुक अडकवणारा प्रसेनजितच होता. “चालवत नाहीस रे?” “तुमचा प्रसन्नजित सापडला की चालवतो, गुरुजी. दोन वर्सापासून त्याले शोधून राह्यलो.” गुरुजी हसले नाहीत. घरी त्यांनी कबुली लिहिली. पाकिटावर सवयीने प्रसन्नजित उमटलं. वह्या तपासायच्या लाल पेनाने ते खोडून प्रसेनजित लिहिलं आणि पाकीट तसंच पोस्टात टाकलं.