टक वाजलं का?

अंथुर्ण्याला एकटे राहणाऱ्या नानागुरुजींनी निवृत्तीनंतर बारामतीहून नवी रोड बाईक आणली. जुन्या सायकलचा गिअर खाली दांडीवर होता, हिचा ब्रेकच्या मुठीतच. सवयीनं हात खाली जायचा आणि रिकामा वर यायचा.

मग बंगळूरची लेक करुणा दर रविवारी व्हिडिओ कॉलवर शिकवू लागली.

"नाना, ब्रेकची मूठ आतल्या बाजूला ढकला. टक वाजलं का?"

"न्हाय गं वाजलं."

"अख्ख्या गावाच्या पोरांना सायकल शिकवलीत, आणि स्वतः एवढे ढ?"

"मास्तरीण लई कडक हाय. पोरगं घाबरतंय."

दोघं हसत सुटायची. तास कसा जायचा, कळायचं नाही.

पाचव्या रविवारी नाना मोठ्या फुशारकीनं म्हणाले, "जमलं बघ! निमगाव केतकीला जाऊन आलो. एकदाबी गिअर चुकला न्हाय."

"शाब्बास, नाना!" म्हणत करुणानं दोन मिनिटांत फोन ठेवला.

पुढचे तीन रविवार फोन आलाच नाही. नाना सायकल पुसत बसायचे. त्यांना वर्गातली बानू आठवायची. सगळी गणितं येत असूनही ती रोज वही घेऊन टेबलापाशी यायची आणि म्हणायची, "गुरुजी, कळलं न्हाय."



चौथ्या रविवारी नानांनी पाना घेऊन गिअरची वायर स्वतःच ढिली केली, हात पुसले आणि फोन लावला, "करुणा, टक वाजंना झालंय गं."